चार थेंब तेल

दसऱ्याला आमच्या घरी तीन वस्तूंची पूजा होते. आईचे शिलाई मशीन, आजोबांचा कोयता आणि बाबांचा कॅमेरा. मशीनला आणि कोयत्याला हळदकुंकू लागते, झेंडूचे फूल पडते. कॅमेऱ्याला मात्र बाबा हळदकुंकू लावू देत नाहीत. पूड आत जाते, म्हणतात. त्याच्या चामडी पिशवीला एक बोट कुंकू आणि वर एक फूल. पूजा झाली की कॅमेरा पुन्हा लोखंडी पेटीत, आईच्या लग्नातल्या शालूखाली जाऊन बसतो, तो पुढल्या दसऱ्यापर्यंत. मला कळू लागल्यापासून मी हेच पाहत आले आहे.

कॅमेरा आहे पेन्टॅक्स के-१०००. जपानच्या आसाही कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत जवळजवळ जसाच्या तसा विकला. त्याच्यात आपोआप होणारे असे काही नाही. बटणाएवढी एक बॅटरी लागते, तीही उजेड मोजणारा काटा हलवण्यापुरती. ती संपली तरी फोटो निघतोच. बाबांनी तो १९९३ साली कोल्हापुरात जुनाच विकत घेतला. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा ते सावंतवाडीला एका स्टुडिओत पाणी भरायला आणि रसायने कालवायला राहिले होते. तिथेच पाहून पाहून धंदा शिकले. पुढे आमच्या गावच्या बाजारात पत्र्याच्या खोलीत स्वतःचे दुकान थाटले. लग्ने, मुंजी, शाळांचे ग्रुप फोटो, जत्रा, फॉर्मावर चिकटवायचे फोटो, आणि कोणी गेले तर तिरडीशेजारचा फोटोसुद्धा. रंगीत रोल एसटीच्या ड्रायव्हरकडे देऊन कोल्हापूरला धुवायला जायचे आणि आठवड्याने त्याच गाडीने परत यायचे. एकदा एक अख्खे लग्न गगनबावड्याच्या घाटात गाडी बंद पडल्याने चार दिवस अडकून पडले होते, ही गोष्ट बाबा आजही रंगवून सांगतात.

२०११ साली दुकान बंद झाले. कोडॅकसारखी कंपनी दिवाळखोरीचा अर्ज घेऊन कोर्टात गेली ती २०१२ च्या जानेवारीत. "कोडॅकच्या आधी आमका कळलां," असे बाबा हसत म्हणतात. त्यानंतर ते काजूच्या कारखान्यात लागले. काजूच्या टरफलात जे तेल असते ते काळे आणि जाळणारे असते. हातमोजे घातले तरी ते बोटांत उतरते, कातडी सोलवटते, रेषांत काळे बसते ते धुऊन जात नाही. असल्या हातांनी भिंगाला शिवायचे नाही, हा बाबांनी स्वतःवर घातलेला निर्बंध. म्हणून दसऱ्यालाही ते कॅमेरा धुतलेल्या पंचाच्या टोकात धरून उचलतात, डोळ्यांशी नेतात आणि परत ठेवतात.

यंदा मराठीच्या मॅडमनी आम्हा काही जणांना दशावतारावर प्रकल्प करायला सांगितला. कोणी संवाद लिहून घेतले, कोणी गाणी. मी मोठ्या तोऱ्यात सांगितले की मी फोटो काढीन, आणि तेही रोलच्या कॅमेऱ्यावर. मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे मैत्रिणींनी विचारले. मला नीट उत्तर देता आले नाही. पेटीतली ती वस्तू एकदा चालताना पाहायची होती, एवढेच खरे. आमच्या गावाशेजारच्या एका दशावतारी मंडळात स्त्रीपार्ट करणारे एक काका आहेत. दिवसा ते लोकांच्या माडांचे नारळ उतरवतात. त्यांचे दिवसाचे फोटो आणि रात्रीचे फोटो शेजारी शेजारी लावायचे, अशी माझी कल्पना होती. काकांनाही ती आवडली. "दिवसाचो एक माका दी हां," म्हणाले. रात्रीचे फोटो त्यांच्याकडे ढीगभर आहेत. स्वतःच्या चेहऱ्याचा धड एकही नाही.

दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पेटी उघडली. बाबा पाळीवर होते. कॅमेरा बाहेर काढला, लेन्सची कडी फिरवून पाहिली. फिरेना. म्हणजे फिरायची, पण गुळाच्या पाकात अडकल्यासारखी. जवळचे दूरचे जमवण्यासाठी जी कडी फिरवावी लागते तीच अशी घट्ट झाली, तर अंधारात नाचणारा राजा काय हाती लागणार? शेजारीच आईचे मशीन होते आणि त्याच्या खणात लांब नळीची तेलाची कुपी. मशीन जड चालू लागले की आई दोन थेंब सोडते आणि ते भुर्रकन पळते. मी चार सोडले. कडीच्या फटीतून, चारही बाजूंनी एकेक. थोडा वेळ पुढे मागे फिरवल्यावर कडी अशी सुटली की मलाच माझे कौतुक वाटले.

दुसऱ्या दिवशी पूजेच्या वेळी बाबांनी पंचातून कॅमेरा उचलला. नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ तोंडाजवळ धरला. मग पंचासकट बोटाने कडी फिरवली आणि म्हणाले, "हलकी फिरता गो." मी म्हटले, "जुन्या लेन्सचं असंच असतं बाबा, हवामानाने ग्रीस सैल पडतं. मी वाचलंय." हे वाक्य मी इतक्या सहज बोलले की आज लिहितानाही कान गरम होतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बँकेचा फॉर्म असो, डॉक्टरची चिठ्ठी असो, वीजबिलातली चूक असो, "ती वाचता मां" म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे पाहतात. मी वाचलंय म्हटले की घरात पुढे कोणी बोलत नाही. बाबाही बोलले नाहीत.

त्यानंतर जत्रेपर्यंत महिनाभर कॅमेरा त्या लोखंडी पेटीत होता आणि पेटी पत्र्याखालच्या माळ्यावर. ऑक्टोबरचे ऊन आमच्याकडे काय असते ते कोकणातल्या वाचकांना सांगायला नको.

जत्रेला मी छत्तीस फोटोंचा एक रोल घातला. काळा-पांढरा, चारशे स्पीडचा. दिवसा सोळा फोटो काढले: नारळाच्या झाडावरचे काका, खाजे विकणाऱ्या बायका, देवळासमोर उन्हात बसलेली आजी. रात्री पालखी झाल्यावर नाटक उभे राहिले तेव्हा उरलेले वीस. काटा मध्ये आणायचा, कडी फिरवून डोळे स्पष्ट करायचे आणि श्वास धरून बटण दाबायचे. गणपती झाला, संकासुराने पोरांना हसवले, काका नऊवारी नेसून हातात तबक घेऊन आले तेव्हा मी त्यांना ओळखलेसुद्धा नाही. पहाटे दहीकाल्याला रोल संपला.

रोल धुवायला मुंबईला पाठवला. तीन आठवड्यांनी पाकीट आले. रात्रीचे वीसही फोटो बरे होते, चार-पाच तर फारच छान. दिवसाचे सोळा म्हणजे नुसता पांढरा धूर. काका कुठे, माड कुठे, काही कळत नव्हते. आजीची फक्त बसण्याची ढब ओळखू येत होती. अंधारात जमले आणि उन्हात बिघडले, याचा अर्थ मला लागेना. मॅडमना सांगितले, रोल खराब निघाला. बाबांना सांगितले, धुणाऱ्याने घाण केली. काकांना काहीच सांगितले नाही. ते बाजारात समोरून दिसले की मी औषधाच्या दुकानात शिरायची.

नाताळच्या सुट्टीत मी कॅमेरा घेऊन मुंबईला निघाले. मेच्या सुट्टीत बाबांच्याच कारखान्यात काजूगर निवडायला बसले होते, त्यातले अडीच हजार शिल्लक होते. कुडाळला कोकणकन्येच्या जनरल डब्यात चढले, रात्रभर कॅमेरा मांडीवर. पहाटे ठाण्याला उतरून दिव्याला मामाकडे गेले आणि दुपारी लोकलने बोरा बाजारात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत पाच-सात मिनिटांवर, फोर्टातली ही गल्ली कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठी माहीत असलेली. एका दुकानाच्या पोटमाळ्यावर दुरुस्तीचे काम चालते, असे कळले होते. शिडीसारखा जिना चढून गेले तर एक म्हातारे गृहस्थ दिव्याच्या वाटोळ्या उजेडात काहीतरी करीत बसलेले. टेबलावर पांढरे फडके, त्यावर नखाएवढे स्क्रू ओळीने मांडलेले.

मी निगेटिव्ह पुढे केल्या. त्यांनी त्या दिव्यासमोर धरल्या. सोळा काळ्याकुट्ट, वीस ठीक. ते लगेच म्हणाले, "रात्री लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढलेस ना? एफ दोनवर?" मी हो म्हटले. "आणि दिवसा अकरावर?" तेही खरे होते. त्यांनी लेन्स काढली, कडी शेवटच्या आकड्यावर नेली आणि मागची बारीक दांडी नखाने दाबून सोडली. आतली पाती खटकन मिटायला हवी होती. ती हलली, पण एखादी म्हातारी जिना उतरते तशी, आणि मध्येच थांबली.

मग त्यांनी मला समजावून सांगितले. या कॅमेऱ्यात आपण डोळा लावून पाहतो तेव्हा लेन्स नेहमी पूर्ण उघडी असते, म्हणजे आपल्याला उजेड भरपूर मिळावा. बटण दाबले की क्षणार्धात पाती आपण ठरवलेल्या आकड्यापर्यंत मिटतात, फोटो होतो, आणि परत उघडतात. ती मिटली नाहीत तरी पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. आधी दाबून खात्री करण्याची सोय काही कॅमेऱ्यांत असते, के-१००० मध्ये नाही. दोनपासून अकरापर्यंत पाच पायऱ्या, आणि दर पायरीला उजेड दुप्पट. म्हणजे माझ्या माडावरच्या काकांवर बत्तीसपट ऊन पडले होते. रात्री मात्र पात्यांना काही कामच नव्हते, म्हणून रात्र वाचली.

"पाती ओली झालीत," ते म्हणाले. लेन्स नाकाशी नेली. "मशीनचं तेल. कोणी घातलं?"

मी गप्प.

"हे काम नेहमीचं आहे," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले. "कडीच्या आत आटे असतात. त्यांना घट्ट ग्रीस लागतं, जागचं न हलणारं. वीस-तीस वर्षांनी ते वाळतं, मग कडी जड होते. लोक पातळ तेल सोडतात. दोन दिवस बरं वाटतं. मग उकाड्याने तेल पसरत पसरत पात्यांवर जातं. पाती कोरडीच लागतात. त्यांना एक थेंबसुद्धा चालत नाही." शिवाय आतल्या एका भिंगावर बुरशीचे जाळे धरले होते. ते पाप माझे नव्हे, आमच्या पावसाचे. दमट हवा, अंधारी पेटी आणि चामड्याची पिशवी; बुरशीला याहून चांगले घर नाही, असे त्यांचे म्हणणे.

दुरुस्तीचे अठराशे सांगितले. आणि मग खणातून पुठ्ठ्याचे खोके काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले. आत अशाच लेन्स, पन्नास मिलिमीटरच्या, सात-आठ. "खरं सांगायचं तर दोन हजारात यातली एक घेऊन जा. तुझी खोलण्यात दोन दिवस जातील. ह्या तपासलेल्या आहेत. तुझी मी दोन-तीनशेला ठेवून घेतो." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. हिशेब तसाच होता.

मी एक लेन्स हातात घेतली. हुबेहूब बाबांची. कडी रेशमासारखी फिरत होती. ही लावून घरी नेली असती तर तेलाचा विषयच संपला असता. वास नाही, डाग नाही, प्रश्न नाही. "बघा बाबा, मुंबईत कशी छान करून दिली," एवढे म्हटले की झाले. मी दोन हजार मोजून हातात धरलेही होते. प्रामाणिकपणा वगैरे काही आड आला असे मी म्हणणार नाही. आड आला तो पोचा. बाबांच्या लेन्सच्या पुढच्या कडेला एक पोचा आहे. कसालच्या एका लग्नात नवरीच्या भावाने धक्का दिला आणि कॅमेरा खांबावर आपटला त्याचा. त्यामुळे तिच्यावर फिल्टर चढत नाही. आंधळ्यालाही चाचपून कळेल असा. खोक्यातल्या एकाही लेन्सला तो नव्हता.

"हीच करा," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन बसले. त्यांनी बसू दिले, फक्त टेबलाला धक्का लावायचा नाही या अटीवर. पुढची नावाची कडी ते रबराच्या बुचाने दाबून फिरवतात. धातूच्या हत्याराने चरे पडतात. त्यात तो पोचा आडवा आला आणि एकाच कडीला पाऊण तास गेला. भिंगे निघाली ती एकेक करून पाच. प्रत्येक भिंग कागदात गुंडाळून, वरची बाजू कोणती ते पेन्सिलीने लिहून ठेवले. आटे सोडवताना ते फार सावकाश झाले. ज्या जागी आटे सुटतात तिथे त्यांनी सुईने खूण केली. ही खूण चुकली तर आटे परत भलत्या जागी धरतात, लेन्स बसलेली दिसते, कडीही फिरते, पण दूरचा डोंगर काही केल्या स्पष्ट येत नाही. सुटलेल्या आट्यांत तपकिरी चिखल साठला होता: जुने ग्रीस आणि माझे तेल. ते पेट्रोलने धुतले गेले. पाती तर दोनदा, तीनदा, फडक्यावर तेलाची कड उमटेनाशी होईपर्यंत.

बुरशी निघाली, पण भिंगावरच्या मुलाम्यात तिने नखाएवढी नक्षी कोरून ठेवली होती. ती जाणार नाही, म्हणाले. फोटोत दिसणारही नाही, सूर्य समोर असला तर थोडे धुरकट येईल, एवढेच. मी विचारले, मोबाइलच्या कॅमेऱ्यातही अशी पाती असतात का? ते हसले. बहुतेक मोबाइलमध्ये छिद्र एकाच मापाचे असते, मिटायला उघडायला काही नसते. "म्हणून आमच्याकडे कोणी येत नाही," असे म्हणून त्यांनी बोटावर मोहरीएवढे ग्रीस घेतले आणि आट्यांना लावले.

शेवटी लेन्स कॅमेऱ्याला लावून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी पाहिली, मग मला पाहायला दिली. टाकीच्या कडेला एक कावळा बसला होता. त्याची चोच दिसत होती. अठराशेतले त्यांनी शंभर परत दिले, तिकिटाला म्हणून.

घरी पोहोचले तेव्हा बाबा नुकतेच पाळीवरून आले होते. मागल्या दारी बसून हातांना राख चोळीत होते. मी कॅमेरा पंचावर ठेवला. मुंबईहून कोकणकन्येत बसल्यापासून मनात वाक्ये जुळवत आले होते. त्यातले एकही आठवले नाही. म्हटले, "बाबा, दसऱ्याच्या आधी मी हिच्यात तेल घातलं होतं. आईच्या मशीनचं. त्यानेच रोल गेला. ग्रीस सैल पडतं वगैरे मी कुठे वाचलं नव्हतं."

बाबांनी राख चोळणे थांबवले नाही. म्हणाले, "माका त्याच दिवशी वास इल्लो."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असे मी विचारले. त्यावर ते काहीच म्हणाले नाहीत. राखेने झाल्यावर साबण घेतला. साबणाने झाल्यावर पुन्हा राख. आईने आतून, जेवायला वाढले, म्हणून हाक मारली, तरी चालूच. मग हात पुसून उजेडात धरून पाहिले. काळे होते तसेच होते. पण त्यांनी पंचा बाजूला सारला आणि कॅमेरा नुसत्या हातांनी उचलला. अंगठ्याने आधी पोचा चाचपला. कडी शेवटपर्यंत नेली आणि परत आणली. मग आकड्यांची कडी एकेक घर फिरवीत गेले, बावीसपासून दोनपर्यंत, प्रत्येक टिचकीला किंचित थांबून. लेन्स काढून, मागची दांडी नखाने दाबून सोडली. पाती खटकन मिटली.

"माडावरच्या फोटोचा काय?" त्यांनी विचारले. म्हणजे काका त्यांच्याकडेही बोलले होते तर.

मी म्हटले, परत काढावा लागेल.

"रोल हाडलंस?"

नव्हता आणला. पैसे संपले होते.

"केवढ्याक गावता आता?"

मी साडेआठशे सांगितले. बाबांनी लेन्स परत कॅमेऱ्याला बसवली, ती खटकन बसल्याचा आवाज ऐकला आणि बराच वेळ मागल्या दारच्या माडाकडे कॅमेरा रोखून पाहत राहिले. मग कॅमेरा खाली न करताच म्हणाले, "छत्तीसचोच ना?"